अर्ध्यावरचा काटा

ताई रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारत. हातात चहाचा कप, खांद्यावर जुना टॉवेल आणि डोळे चाकांच्या नटांवर. प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत शिंप्याच्या खडूची एक निळी रेघ ओढलेली असे. रेघ सलग दिसली तर नट जागच्या जागी आहे. मधेच तुटून सरकलेली दिसली तर तो सैल झालाय. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नव्हती. आयुष्यभर कापडावर खुणा करून हाताला सवय लागलेली, ती गाडीवरही चालली इतकंच. समोरच्या घरातले पेन्शनर आजोबा खिडकीतून विचारत, "काय ताई, घेतलीत का मापं गाडीची?" त्यावर ताईंचं ठरलेलं उत्तर असे, "घेतली. कमरेत वाढलीय जरा."

गाडी सत्तावीस वर्षांची. इस्टेट गाडी म्हणतात तसली, म्हणजे पुढून चारचौघींसारखी, पण मागे डिकीचा डबा नाही. छप्पर तसंच शेवटपर्यंत गेलेलं आणि मागे वर उघडणारं मोठं दार. मूळ रंग सायीसारखा. डावीकडचं मागचं दार मात्र गडद निळं, कारण ते भंगारातून आणलेलं. गल्लीत तिला सगळे लांबुळकी म्हणत. नव्या गाड्यांचे मालक तिच्याकडे बघून नाक मुरडत, आणि थंडीच्या सकाळी आपली गाडी सुरू होईना की तिच्याच बॅटरीला वायर जोडायला येत. ताई कुणाला नाही म्हणत नसत, पण वायर जोडताना दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहतही नसत.

ताई शिवणयंत्रं दुरुस्त करत. वय अठ्ठावन्न. बाई मेकॅनिक म्हटल्यावर सुरुवातीला लोक आधी मागे बघायचे, कुणी पुरुष येतोय का सोबत. आता शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे सुई वरखाली होते तिथे ताईंचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला होता. त्यांची कामाची एक पद्धत होती आणि ती त्या मोडत नसत. बिघडलेलं मशीन उचलायचं ते त्याच्या जागी दुसरं, चालू मशीन ठेवूनच. शिवणारीचं काम एक दिवससुद्धा थांबता कामा नये. त्यासाठी लांबुळकीची मागची सीट कायम आडवी असे, तिच्यावर जुनी गादी, आणि गादीवर टेबलांसकट दोन-तीन बदली मशीनं, पट्ट्यांनी आवळून बांधलेली. दुसरी कुठलीही गाडी असती तर एक टेबल घालताना नाकी नऊ आले असते.

गाडी भरवशाची होती ती काही नशिबानं नव्हे. सुई मोडायची वाट बघायची नसते, ती बोथट व्हायच्या आत बदलायची असते, हे ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि गाडीलाही तोच न्याय लावत. पंख्याचा पट्टा तुटायच्या आत बदलला जाई. रबरी पाइप फुगायच्या आत. ऑइल काळं पडायच्या आत. डाव्या सीटखाली पत्र्याच्या पेटीत फ्यूज, बल्ब, पट्टे, क्लचची केबल असं सगळं कापडाच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेलं असे. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्या सहा वर्षांत लांबुळकी त्यांना घेऊन निघाली आणि पोहोचली नाही असं एकदाही झालं नव्हतं.

एकच गोष्ट बिघडलेली होती आणि ती ताईंनी जाणूनबुजून तशी ठेवली होती. पेट्रोलचा काटा. तो बावीस वर्षांपूर्वी एकदा अर्ध्यावर आला आणि तिथेच बसला. टाकी भरा, रिकामी करा, तो आपला अर्ध्यावर.

त्यावर नवऱ्यानं तेव्हाच तोड काढली होती. वेग दाखवणाऱ्या मोठ्या मीटरखाली एक छोटं मीटर होतं, आणि त्याशेजारी एक बटण. दाबलं की आकडा शून्यावर येई आणि तिथून किलोमीटर मोजू लागे. नियम सोपा: टाकी पूर्ण भरायची, बटण दाबायचं, आणि चारशे झाले की पुन्हा भरायची. नवरा गोदामात क्रेनखाली उभा राहून इशारे देणारा माणूस. तिथे एकानं सांगितलं आणि दुसऱ्यानं ते उलट म्हणून दाखवलं, की मगच ओझं उचललं जाई. ती सवय तो घरी घेऊन आलेला. गॅस बंद केला तरी त्याला समोरून "पाहिलं" ऐकू यायला हवं. पेट्रोलपंपावर बटण दाबून तो मोठ्यानं म्हणायचा, "शून्य." शेजारी बसलेल्या ताई वाकून आकडा बघायच्या आणि म्हणायच्या, "पाहिलं." मुलगा लहान असताना मागे मशीनांच्या मधल्या फटीत बसायचा. तोही दोन सीटांमधून डोकं घालून ओरडायचा, "पाहिलं." त्याशिवाय गाडी हलायची नाही.

नवरा गेल्यावर ताई पंपावर एकट्याच म्हणू लागल्या, "शून्य." शेजारची सीट काही बोलत नसे. पंपावरच्या कामगाराला वाटे, बाई पैशांबद्दल काहीतरी म्हणतायत.

मुलगा आता चौतीस वर्षांचा. विम्याच्या ऑफिसात बसून दिवसभर अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो तपासायचे, हे त्याचं काम. असे फोटो रोज पन्नास-साठ बघितल्यावर कोणत्याही मुलाला आपली आई सत्तावीस वर्षांच्या गाडीतून पुलावरून जातेय हे डोळ्यांसमोर दिसणारच. त्यानं बापाच्या मागे आईपुढे नवीन छोटी गाडी घ्यायचा विषय काढला. ताईंनी दुकानात जाऊन ती मागून उघडली, आत हात घालून लांबी मोजली आणि म्हणाल्या, "यात माझं टेबल झोपणार नाही." मुलगा म्हणाला, मग फिरणं बंद कर, घरी दुकान मांड, लोक मशीन घेऊन येतील. ताई म्हणाल्या, तीस किलोचं मशीन डोक्यावर घेऊन कोण बाई येणार आहे. वाद रोजचा झाला. शेवटी एका रविवारी जेवताना ताईंनी चमचा खाली ठेवला.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी ही गाडी मला घेऊन रस्त्यात थांबेल, त्या दिवशी चावी तुझ्या हातात देईन. तोंडातून एक शब्द काढणार नाही. पण तोवर तूही काढायचा नाहीस."

मुलानं मान डोलावली. शब्द देताना ताईंना बरं वाटलं होतं, कारण आपण हरणार नाही हे त्यांना माहीत होतं. चार वर्षं त्या हरल्याही नाहीत. चावी गेली तर काय जाईल याचा विचार त्या करतच नसत. फेऱ्या जातील, बदली मशीनं जातील, भिंतींवरचे नंबर पुसले जातील, आणि त्या घरात बसून खिडकीतून बघत राहतील, एवढंच.

आता सुनेचं सांगायला हवं. सून औषधांच्या दुकानात काम करत होती, हुशार, बोलायला फटकळ, पण गाडी चालवायची म्हटलं की मागे सरायची. लग्नाच्या आधी ती ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली. नवऱ्यानं त्याचा विनोद केला होता, "हिची परीक्षा घेतल्यावर साहेबानं आठ दिवस रजा टाकली." चार माणसांत सगळे हसले, तीही हसली, आणि त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. ताई मात्र तेव्हा हसल्या नव्हत्या. या वर्षी एका शनिवारी दुपारी, मुलगा ऑफिसात असताना, त्यांनी सुनेला सांगितलं, "चल जरा. मशीन उचलायला मदत हवीय." मशीन वगैरे काही नव्हतं. त्या तिला थेट आपल्या नवऱ्याच्या जुन्या गोदामाच्या आवारात घेऊन गेल्या. गोदाम बंद पडलं होतं, आवार मोकळं होतं आणि राखणदार ताईंच्या ओळखीचा होता.

तेव्हापासून दर शनिवारी शिकवणी सुरू झाली, आणि ती दोघींतच राहिली. ताई शिकवायच्या त्यांच्या पद्धतीनं. "क्लच एकदम सोडू नकोस. मशीनचं पायडल दाबतेस ना, तसा. आधी कानानं ऐक, मग पाय हलव." बारा शनिवार झाले. परीक्षेची तारीख मिळाली, गुरुवारची. त्याच्या आधीच्या शनिवारी ताई गाडीतून उतरल्या, एका उलट्या खोक्यावर बसल्या, मांडीवर शिवणयंत्राची एक बिघडलेली शटल घेतली आणि म्हणाल्या, "आज एकटीनं चालव. मी बघणारसुद्धा नाही."

सून एकटी बसली. आरसा नीट केला. काटा अर्ध्यावर होता, म्हणजे पेट्रोल आहे असं तिनं बघून ठेवलं. मग तिच्या मनात आलं, आज एकटीनं किती चालवते ते मोजावं, आणि तिनं ते छोटं बटण दाबलं. आवारात गोल गोल, उलट, सुलट, खांबांमधून, मागे घेत. तासाभरानं ती थांबली तेव्हा आकडा चौदा होता. चौदा किलोमीटर, एका आवारात, कुठेही न घासता. तिनं तो आकडा कुणाला सांगितला नाही. परीक्षा पास झाल्यावर नवऱ्याला सांगायचा म्हणून तो तिनं जपून ठेवला.

सोमवारी सकाळी ताईंनी छोट्या मीटरकडे पाहिलं, तर एकोणीस. त्यांना वाटत होतं, साडेतीनशेच्या वर गेलाय, भरायला आलंय. भरलं आपण? पंपावर उभं राहिलेलं आठवत होतं, पण ते या आठवड्यातलं की मागच्या महिन्यातलं? सगळी भरणी सारखीच असतात. आकडा तर सांगत होता की भरलंय. हे आपण सपशेल विसरलो, ही गोष्ट त्यांना मनात खोल कुठेतरी लागली. आणि म्हणूनच त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर विसरलो हे कबूल करावं लागलं असतं. बावीस वर्षांत त्या आकड्यानं त्यांना फसवलं नव्हतं, तेव्हा त्यांनी स्वतःला खोटं ठरवलं आणि त्याला खरं मानलं.

मंगळवारी दुपारी एक वाजता, पुलाच्या चढावर, लांबुळकीनं दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

ताईंनी तिला उरलेल्या वेगावर कडेला आणली. मागे तिकोनी पाटी उभी केली, बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवरची रेघ सलग. पट्टा घट्ट. फ्यूज एकेक काढून उजेडात धरले, सगळे चांगले. प्लगच्या वायरी काढून घातल्या. सुई केसभर वाकडी असेल तर आवाजावरून ओळखणारी ही बाई पाऊण तास गाडीचं काय काय तपासत होती, पण टाकीकडे फिरकलीसुद्धा नाही. का फिरकेल? आकडा होता एकशे नऊ.

त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. हा त्यांचा नेहमीचा गाडीवाला. तो एका ट्रकखाली आडवा होता, संध्याकाळी सहाच्या आत येणं नाही म्हणाला. तेवढ्यात दुसरा फोन वाजला, कारखान्यातल्या मास्तरांचा. तिथे हॉस्पिटलसाठी ऑपरेशनचे गाऊन शिवत. त्यांचं ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा शिवणारं मशीन, ताईंनी दुरुस्तीला आणलं होतं आणि ते आज दुपारी पोहोचायचं होतं. ओव्हरलॉकला बदली मशीन ताईंकडे एकच होतं, तेही दुसरीकडे गुंतलेलं, म्हणून या एकदाच पद्धत मोडून त्यांनी ते तसंच उचललं होतं.

"ताई, कडा मारायच्या राहिल्यात," मास्तर म्हणाले. "चार वाजता गाडी लागतेय न्यायला. तुम्ही येताय म्हणून मी दुसरीकडे विचारलंही नाही."

"येते," ताई म्हणाल्या. "मी कधी आले नाही असं झालंय का?"

फोन ठेवला आणि बॉनेटखाली बघत उभ्या राहिल्या. पुलावरून गाड्या जात होत्या, काही जण हॉर्न वाजवत होते. उरला एकच माणूस, आणि त्याला फोन करणं जिवावर आलं होतं. गाऊन मात्र ऑपरेशनसाठी होते. त्यांनी मुलाला फोन केला.

"आई?" त्या ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नसत. "काय झालं? लागलं का कुठे?"

"मला काही नाही झालं. गाडी थांबलीय. पुलावर."

तो वीस मिनिटांत आला. येताना तो काय म्हणेल याची ताईंनी तयारी केली होती, आणि तो काहीच म्हणाला नाही. त्यानं ओव्हरलॉक उचलून आपल्या छोट्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला सीटबेल्ट लावला. ताई मागे बसल्या. टेबलांसकटची दोन मशीनं लांबुळकीतच राहिली.

"ती कुणाची?" मुलानं आरशातून विचारलं.

"दोघीजणी आज वाट बघतायत. राहू दे. तुझ्या गाडीत नाही मावणार."

त्यानं नुसती गाडी रस्त्यावर घेतली. टोमणा मारला असता तर ताईंनी परतवला असता. कारखान्यात ओव्हरलॉक तीनला पोहोचलं, ताईंनी पाच मिनिटांत दोरे ओवून दिले आणि चारच्या गाडीत गाऊन चढले. मास्तर म्हणाले, "तुमच्या शब्दाला तोड नाही." ताईंना नेमका तोच शब्द नको होता.

सहाला मिस्त्री पुलावर आला. त्यानं चावी फिरवली, नुसता कान दिला, मग गाडीमागे जाऊन वाकला आणि टाकीवर बोटांच्या पेरांनी ठोकलं. आत पोकळ आवाज झाला.

"ताई," तो म्हणाला, "ही पार रिकामी आहे. बिघाड कसला, उपाशी मारलीत तुम्ही तिला." आणि तो हसायला लागला. मग मायलेकांचे चेहरे बघून थांबला.

ताईंच्या डोळ्यांसमोर एकदम सगळं उभं राहिलं. शनिवार, आवार, खोकं, आणि आरसा नीट करणारी सून. एकोणीसमधले पाच घरी यायचे. उरलेले चौदा तिचे. म्हणजे आपण विसरलो नव्हतो. सोमवारपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी मुलाचा आवाज आला.

"म्हणजे गाडी नाही बिघडली," तो हळू म्हणाला. "तू भरायला विसरलीस?"

गाडी बिघडली असती तर बरं होतं, असा तो आवाज होता. आता नाव घ्यायचं तर सुनेचं घ्यावं लागणार. परवा गुरुवार. बारा शनिवारांची मेहनत, आणि वर नवऱ्याच्या तोंडी नवीन विनोद, की हिनं बटण दाबलं आणि गाडी पुलावर मेली.

"हो," ताई म्हणाल्या. "विसरले."

मिस्त्रीनं डबाभर पेट्रोल ओतलं. लांबुळकी सुरू झाली आणि ताई तिला घरी घेऊन आल्या. पंपावर जाण्याचं त्यांच्यात त्राण नव्हतं. हात धुवून त्या जेवणाच्या टेबलाशी आल्या आणि मुलाच्या ताटाशेजारी चावी ठेवली.

"हे काय?" सुनेनं विचारलं. ती आत्ताच कामावरून आली होती.

"आईच्या गाडीतलं पेट्रोल संपलं आज पुलावर," मुलगा म्हणाला. तो बायकोकडे न बघता बोलत होता. "छोट्या मीटरवर एकशे नऊ होते. म्हणजे भरलं नाही, आणि बटण मात्र दाबलं. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

सून डाव हातात धरून उभी राहिली. "मीटर? पण काटा अर्ध्यावर..."

"तो काटा चालत नाही," तो म्हणाला. "माझ्या शाळेपासून."

"तू बस जेवायला," ताई घाईनं म्हणाल्या. "थंड होतंय सगळं."

सून बसली नाही. तिनं डाव खाली ठेवला. "ते बटण मी दाबलं," ती म्हणाली.

"तू? तू गाडीत काय करत होतीस?"

"चालवत होते."

मग ती एका दमात बोलली. आवार, बारा शनिवार, गुरुवारची परीक्षा. "आणि शनिवारी एकटीनं चौदा किलोमीटर चालवली. कुठे खरचटलंसुद्धा नाही. तुला सांगणार होते पास झाल्यावर. आता हसायचं तर हास."

मुलगा हसला नाही. तो आईकडे वळला. "आणि तू सरळ म्हणालीस, विसरले. मी दुपारपासून डॉक्टरांचे नंबर शोधतोय, आई. ऑफिसात बसून. मला वाटलं, तुला आता..."

ताईंनी ताट बाजूला सारलं. "मलाही वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "सोमवारी. आकडा बघितला आणि वाटलं, झालं, सुरुवात झाली. खूप घाबरले मी. म्हणून कुणाला विचारलं नाही." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "चूक तुझी नाही. गाडी तुझ्या हातात दिली आणि तिचा नियम माझ्यापाशीच ठेवला. कसं कळणार तुला?"

"मग ती चावी घ्या परत," सून म्हणाली.

"नाही. रस्त्यात थांबली तर द्यायची, असं ठरलं होतं. का थांबली ते ठरलं नव्हतं."

मुलानं चावी उचलली, हातात फिरवली आणि खिशात घातली. सुनेनं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर जागच्या जागी विरघळला असता. तो म्हणाला, "उद्या मी रजा टाकतो. त्या दोन बायका वाट बघतायत ना?"

बुधवारी सकाळी लांबुळकीभोवती चक्कर त्यानं मारली. ताई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. चौथ्या चाकाशी तो थांबला. "इथली एक रेघ जरा सरकलीय," तो म्हणाला. पाना आणून त्यानं नट आवळला आणि ताईंनी खडू पुढे केला. पेन्शनर आजोबांनी खिडकीतून विचारलं, "आज नवा शिंपी?" त्यावर मुलाआधी ताईच म्हणाल्या, "शिकाऊ आहे."

आडव्या सीटचा एक भाग उभा करून त्यानं पुन्हा सामान बांधलं आणि ते निघाले. पहिली बाई एका खोलीत राहणारी, शाळेच्या पिशव्या शिवायची. एका कोपऱ्यात मूल झोपलेलं, दुसऱ्या कोपऱ्यात मशीन. तिनं ताईंना बघून नुसता सुस्कारा सोडला आणि कापलेल्या पिशव्यांचा ढीग दाखवला. मुलानं तिचं मशीन खाली नेलं, बदली मशीन टेबलासकट वर आणलं. पट्टा चढवला, ताईंनी चाक फिरवलं, आणि ती बाई पाणीसुद्धा न विचारता शिवायलाच बसली. जिन्यातून उतरताना मुलाला मशीनचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. दुसरीकडेही तसंच. दुपारी मास्तरांकडे ओव्हरलॉकचा दोरा परत लावून द्यायचा होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या शर्टाला तेलाचे चार डाग पडले होते, आणि दिवसभरात एकही फोटो न बघता तो गाडीत बसला होता.

कापडाचा तुकडा हवा म्हणून त्यानं सीटखालची पेटी उघडली. तळाशी कागदात गुंडाळलेला एक भाग होता, नवाकोरा. कागदावर वडिलांचं अक्षर: टाकीचा काटा, येत्या रविवारी.

"हा इथे आहे?" तो म्हणाला. "मग बसवला का नाहीस इतकी वर्षं?"

ताईंनी त्या कागदावरून बोट फिरवलं. "काटा चालू झाला असता तर बटण दाबायचं कारण राहिलं नसतं," त्या म्हणाल्या. "पंपावर मी त्यांच्याशी तेवढंच बोलते रे."

मुलानं कागद पुन्हा जसाच्या तसा गुंडाळला.

परत येताना त्यांनी औषधांच्या दुकानावरून सुनेला घेतलं. ती मागे, मशीनांच्या मधल्या सीटवर अवघडून बसली, अजून नवऱ्याशी धड बोलत नव्हती. वाटेत पंप लागला. मुलानं टाकी काठोकाठ भरून घेतली, आत येऊन बसला, आणि चावी लावायच्या आधी वाकून ते छोटं बटण दाबलं.

"शून्य," तो म्हणाला.

ताई त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. सहा वर्षांत हा शब्द त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"काय शून्य?" सुनेनं मागून विचारलं.

"तू आकडा बघायचा आणि 'पाहिलं' म्हणायचं," तो मागे वळून म्हणाला. "नुसतं म्हणायचं नाही, खरंच बघायचा. त्याशिवाय ही गाडी हलत नाही. उद्या सकाळी परीक्षेला तूच नेणार आहेस आम्हाला तिथवर, आईला शेजारी घेऊन. तेव्हा शिकून घे."

सुनेनं दोन सीटांमधून डोकं पुढे घातलं, डोळे बारीक केले. "पाहिलं," ती म्हणाली.

"पाहिलं," ताईही म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले. मग नाक ओढून म्हणाल्या, "आणि तो काटा आता बसवून टाकू. येत्या रविवारी."

"नक्की येत्या?"

"येत्या."

मुलगा खाली उतरला, गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी आला आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली. "सर तिकडे," तो म्हणाला. "दिवसभर चालवून कंबर गेली माझी." ताई सरकून स्टिअरिंगमागे बसल्या आणि त्यांनी चावी फिरवली. काटा अर्ध्यावर होता. लांबुळकी पहिल्या झटक्यात सुरू झाली.